रुमालाखाली

घरी सांगितलं, हिशेब लागत नाहीये, उशीर होईल.
अगदीच खोटं नव्हतं.
दत्तजयंतीनंतरच्या शनिवारी
दोंडाईच्यात कुणाचाच हिशेब लागत नाही,
सगळं गाव सारंगखेड्याकडे तोंड करून बसलेलं असतं.

तिघं एका गाडीवर.
पुढे हिलाल, त्याला वाटतं त्याला चालवता येते.
मध्ये भटू सोनार, ऊब त्याच्या वाट्याला.
मागे मी, अर्धा सीटवर, अर्धा दत्तगुरूंच्या भरवशावर,
कानटोपीच्या आत डोकं
आणि नाकात दिवसभराची मिरची.
आडतीत बावीस वर्षं काढली,
माझं नाक आता माझं राहिलेलं नाही.

जत्रेत आधी शेवभाजी. मग गोडशेव.
मग भटू म्हणाला पाळण्यात बसू,
आणि बसल्यावर, सगळ्यात वर गेल्यावर,
म्हणाला, उतरू.
खाली तापी काळी, गप्प,
आणि काठाने कनातीच कनाती,
त्यांच्यात हजार घोडे उभ्याने डुलक्या घेत.
मला ते आवडलं. मी म्हटलं, अजून एक फेरी.
भटूने डोळे मिटून माझी कॉलर धरली.

रात्री बाराच्या पुढे घोडेबाजार खरा जागा होतो.
शेकोट्या, घोंगड्या, चहा,
आणि सौदे चालतात न बोलता:
दोघांचे हात एका रुमालाखाली,
बोटं बोटांशी बोलतात,
चेहऱ्यावर मात्र जणू कुणाच्या दहाव्याला आलेत.

"लेवाना शे का?" दलालाने विचारलं.
"नही भो, देखी राहिनूत," हिलाल म्हणाला.
पण मी पुढे झालो.
का झालो, ते मला आजतागायत सांगता येत नाही.
ती घोडी पांढरी होती, पापण्यासुद्धा पांढऱ्या,
आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं आडतीत कुणी मुनीमाकडे पाहत नाही.

काठेवाडचा म्हातारा, मिशा मेंदीच्या.
"आवो सेठ," म्हणाला. सेठ! मला!
हात रुमालाखाली गेला.
त्याने माझी दोन बोटं दाबली.
मी गंमत म्हणून एक सोडवून घेतलं.
त्याने मान हलवली, तीन दाबली.
मला वाटलं, छान चाललंय,
पत्ते कळत नसताना रमी जिंकावी तसं.

आणि तेव्हाच मिरचीला माझी आठवण झाली.
शिंक आली ती अशी की
जवळचे दोन घोडे जागे झाले,
आणि रुमालाखाली माझ्या मुठीने
म्हाताऱ्याचा अख्खा पंजा आवळला.

"मंजूर!" तो ओरडला.
कुणीतरी पाठीवर थाप मारली,
कुणीतरी माझ्या कानटोपीवर गुलाल टाकला.
मी भटूकडे पाहिलं, भटू पाळण्याकडे पाहत होता.
"तुना बापनी लिधा व्हता का घोडा कधी?"
हिलाल माझ्या कानात.
मी विचारलं, किती झाले?
दलालाने सांगितलं.
त्या पैशात आमच्या घराचा वरचा मजला होतो,
जिन्यासकट.

पुढचा अर्धा तास मी शिंकून दाखवण्यात घालवला.
खोटी शिंक येत नाही, खरी पुन्हा फिरकत नाही.
शेवटी शर्टाच्या खिशातून
लाल तिखट निघालं, चिमूटभर,
म्हाताऱ्याने ते हुंगलं,
आणि सात शिंका दिल्या, मोजून सात.
मग हसला. इतका हसला की मिशी सुटल्यासारखी वाटली.
सौदा मोडला. दंड: सगळ्यांना चहा, किलोभर जिलेबी,
आणि घोडीच्या गळ्यातल्यासारखी एक घुंगरांची माळ,
तीही रोख.

पहाटे तीनला परतलो.
माळ हिलालने गाडीच्या हँडलला बांधली, म्हणाला, शोभते.
दोंडाईच्याच्या गल्लीत शिरलो
तर छुम छुम छुम,
एकेका घराचा दिवा लागत गेला,
आमच्याही.

ती दारात उभी. गुलालाकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं.
"लागला का हिशेब?"

मी म्हटलं, थोडक्यात राहिला.
हाताला अजून घोडीचा वास होता.
झोपताना मी तो उशीखाली ठेवला.